चार दिवसांचे अंगकोर

सहल हा टीकेचाच एक प्रकार आहे, असे म्हटले तर सहलवाले आणि टीकाकार दोघेही रागावतील. पण थोडा विचार करून पाहावा. टीकाकार एखादा मोठा ग्रंथ हाती घेतो आणि त्यातली निवडक पाने वाचकापुढे उघडून धरतो. कोणते पान आधी, कोणते नंतर, कोणत्या ओळीवर थांबायचे आणि कोणती प्रकरणे मुकाट्याने उलटायची, हे तो ठरवतो. आणि या निवडीतूनच त्याचे मत वाचकाच्या गळी उतरते. मार्गदर्शक बरोबर घेऊन केलेली सहलही नेमके हेच करते. फरक इतकाच, की टीकाकाराचे म्हणणे पटले नाही तर वाचक मासिक मिटून चहा मागवू शकतो. सहलीत मात्र बस सुटायची वेळ झालेली असते.

काही काळापूर्वी गुहागर आणि आसपासच्या गावांतल्या आम्ही बावीस जणांनी कंबोडियातल्या अंगकोरची चार दिवसांची सहल केली. निवृत्त शिक्षक, पोफळीच्या बागा असलेले दोन बागाईतदार, एक डॉक्टरीणबाई, आजीचा हात धरून आलेला एक नातू, असा आमचा मेळा होता. व्यवस्था चोख होती. सिएम रीपसारख्या गावी सकाळी पोहे आणि रात्री आमटी-भात मिळाल्यावर मराठी माणसाला कशाचीच तक्रार उरत नाही, आणि माझीही नाही. सहल कोणी काढली हे सांगण्याचे कारण नाही, कारण सगळ्यांचा कार्यक्रम जवळजवळ एकच असतो. मला लिहायचे आहे ते त्या कार्यक्रमाबद्दल. त्याने आम्हांला अंगकोर कसे वाचायला शिकवले, आणि त्या वाचनात काय सुटले, एवढाच या लेखाचा विषय.

अंगकोर म्हणजे एक देऊळ नव्हे. 'नगर' या संस्कृत शब्दाचे ख्मेर जिभेवर 'नोकोर' झाले आणि त्याचे अंगकोर. नवव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंत ख्मेर राजांची राजधानी, मधले थोडे खंड सोडले तर, याच परिसरात होती. इ. स. ८०२ मध्ये दुसऱ्या जयवर्म्याने नोम कुलेनच्या डोंगरावर, म्हणजे त्या काळच्या महेंद्रपर्वतावर, स्वतःला सार्वभौम म्हणवून घेतले, तिथून ही कथा सुरू होते. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्म्याने विष्णूसाठी अंगकोर वाट बांधले. त्याच शतकाच्या अखेरीस सातव्या जयवर्म्याने, जो बौद्ध होता, बायोन आणि त्याभोवतीचे नगर उभारले. म्हणजे एका ग्रंथाचे चारशे वर्षांत लिहिलेले हे खंड आहेत.

आता आमचा कार्यक्रम पाहा. पहिल्या दिवशी अंगकोर वाटचा सूर्योदय, मग बायोन, मग ता प्रोम. दुसऱ्या दिवशी बान्ते स्रेई आणि प्रे रूपवरून सूर्यास्त. तिसऱ्या दिवशी कुलेनचा डोंगर आणि बाजार. चौथ्या दिवशी तोन्ले साप सरोवर, आणि वेळ उरल्यास रोलुओस. रोलुओस म्हणजे काय? प्रेआ को हे ८७९ चे देऊळ आणि बाकोंग हा ८८१ चा देवालय-पर्वत जिथे आहेत ते ठिकाण. पुढे जे जे घडले त्याचा पाया. मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकवताना आधी मर्ढेकर, मग मोरोपंत, आणि गाडी सुटायला अर्धा तास असेल तर ज्ञानेश्वर, असा हा क्रम झाला.

या क्रमाला कारण आहे, पण ते कलेचे नाही, रस्त्याचे आहे. फ्रेंच अमलात मोटारींसाठी एक छोटी आणि एक मोठी फेरी आखली गेली. आजच्या बसगाड्या त्याच आखणीवरून धावतात. १९०७ मध्ये हा प्रांत सयामकडून फ्रेंचांच्या ताब्यातल्या कंबोडियाकडे परत आला आणि लगेच अंगकोरच्या जतनाचे खाते उघडले गेले, त्यानंतरची ही वहिवाट. आपण समजतो की आपण बाराव्या शतकातून हिंडत आहोत. वस्तुतः आपण विसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका आराखड्यातून हिंडत असतो.

सूर्योदयाचेही असेच. अंगकोर वाट पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे पहाटे तळ्याकाठी उभे राहिले की सूर्य देवळाच्या पाठीमागून उगवतो आणि पाच शिखरांची काळी आकृती आकाशावर उमटते. दृश्य सुंदर असते यात वाद नाही. हजारभर माणसे हात उंचावून त्याची छायाचित्रे घेत असतात. पण त्या वेळी देवळावरचे एकही शिल्प दिसत नाही. पश्चिमेच्या ओवऱ्यांत प्रकाश शिरतो तो दुपार कलल्यावर, आणि त्या वेळी आम्ही दुसरीकडे असतो. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तासभर आणि आतल्या मजकुरावर वीस मिनिटे, असा हा हिशोब आहे.

हे सगळे माझ्या ध्यानात कदाचित आलेही नसते. ते आणून दिले ते आमच्याबरोबरच्या एका गृहस्थांनी. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणत होतो. त्यांनी सारी हयात चिऱ्याच्या खाणीच्या धंद्यात घालवली. मार्गदर्शक जिथे वर पाहायला सांगे, तिथे अण्णा खाली पाहत. पहिल्याच दिवशी अंगकोर वाटच्या बाहेरच्या तटाशी ते थांबले, हात फिरवला आणि म्हणाले, "अहो, हा तर आपला जांभा!"

आणि तो जांभाच होता. कोकणातल्या माणसाला त्याची ओळख करून द्यायला नको. आमच्या गुहागरात घराची जोती, विहिरी, गडगे, सगळे जांभ्याचे. अंजनवेलचा गोपाळगड जांभ्याचा. खाणीतून काढताना मऊ, हत्याराला सहज वळणारा, आणि वारा-ऊन लागले की टणक होणारा हा लाल भोकाभोकांचा दगड. याचे इंग्रजी नाव पडले तेही आपल्याच किनाऱ्यावर. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टराने मलबारात हा दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात, वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, त्याला 'लॅटेराइट' म्हटले. अंगकोरच्या सपाट मुलखात हाच दगड पायाखाली विपुल मिळतो. ख्मेर गवंड्यांनी पाया, जोती, तट, पूल आणि तळ्यांच्या पायऱ्या यांसाठी तोच वापरला. नक्षीसाठी मात्र कुलेनच्या पायथ्याच्या खाणींतून वालुकाश्म आणला. आपण ज्याला अंगकोर म्हणतो तो पुष्कळ ठिकाणी जांभ्याच्या अंगावर घातलेला वालुकाश्माचा अंगरखा आहे.

असे का, याचे उत्तर अण्णांकडे तयार होते. जांभ्याला भोके असतात, त्यात बारीक नक्षी धरत नाही. मग कोरायचे असेल तर दुसरे काही शोधावे लागते. ख्मेरांनी वालुकाश्म शोधला, आणि आम्ही कोकणात लाकूड. आमच्या देवळांतली कला जांभ्याच्या भिंतींत नाही. ती सभामंडपाच्या लाकडी खांबांत, तुळयांच्या टोकांना काढलेल्या मकरमुखांत आणि तक्तपोशीवरच्या कमळांत आहे. संगमेश्वरजवळच्या कसब्याचा कर्णेश्वर कोरीव दगडाचा आहे खरा. पण आमच्या भागात असे देऊळ अपवाद म्हणूनच दाखवले जाते.

अण्णांचे दुसरे निरीक्षण टीकेचे होते. दगडांच्या भिंतीत वरच्या थराचा उभा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येऊ नये, हा गवंडीकामाचा पहिला धडा. याला आमच्याकडे सांधमोड म्हणतात. ख्मेर भिंतींत ती पुष्कळ ठिकाणी पाळलेली नाही. उभे सांधे एकावर एक येतात, आणि भिंत फाटते ती तिथेच. चुना नाही, दगडावर दगड घासून बसवलेला, तोही इतका घट्ट की मध्ये पोस्टकार्ड शिरू नये. खरी कमानही नाही, एकेक थर पुढे काढत वर मिटवलेले छत आहे. म्हणूनच ओवऱ्या इतक्या अरुंद, आणि म्हणूनच या भव्य देवळांत शंभर माणसे एकत्र बसतील असा एकही बंदिस्त दिवाणखाना सापडत नाही. फ्रेंच वास्तुविशारदांनी याच उणिवा नोंदवल्या आहेत. अण्णांनी त्यांची पुस्तके वाचलेली नव्हती. त्यांनी भिंत वाचली होती.

त्यांच्या मागे मागे फिरताना मला जे दिसू लागले ते असे. अंगकोरच्या खिडक्यांना दगडी गज आहेत. पण त्यांचा घाट पाहावा तर कातारीवर कातलेल्या लाकडी गजांचा, अगदी आपल्या जुन्या घरांच्या माजघरात असतात तसा. देवळांच्या बंद बाजूंना खोटे दरवाजे कोरले आहेत आणि त्यांत लाकडी दाराच्या फळ्या, चौकटी, मधली उभी पट्टी सगळे तंतोतंत दगडात उतरवले आहे. दगडी छपरांवर कौलांच्या रांगा कोरल्या आहेत. ओवऱ्यांच्या छताखाली एके काळी लाकडी तक्तपोशी होती. म्हणजे हा दगड सतत लाकडाची आठवण काढतो आहे.

कारण अंगकोर हे मुळात लाकडाचे नगर होते. दगडात राहायचा मान फक्त देवांचा. राजवाडे, मठ, बाजार, लोकांची घरे सगळी लाकडाची, गवताची, काही कौलांची. इ. स. १२९६-९७ मध्ये चिनी दूतमंडळाबरोबर आलेल्या चौ ता-क्वानने या जिवंत नगराचे वर्णन लिहून ठेवले म्हणून ते आपल्याला कळते. २०१२ मध्ये हेलिकॉप्टरातून प्रकाशकिरण सोडून जमिनीची पाहणी झाली तेव्हा जंगलाखाली रस्त्यांची, तळ्यांची आणि घरांच्या ओट्यांची आखणीच उघडी पडली. ता प्रोमच्या ११८६ च्या शिलालेखात त्या एका देवस्थानाच्या सेवेला लावलेल्या माणसांची संख्या ७९,३६५ आणि गावांची ३,१४० दिली आहे. ही माणसे राहत होती ती घरे कुठे आहेत? वाळवीने खाल्ली, पावसाने कुजवली. आम्हांला दाखवले गेले ते उरलेले. आणि उरलेले म्हणजेच सगळे, असे चार दिवस आम्ही मानत राहिलो. सहलीच्या टीकेतला हा सर्वांत मोठा दोष आहे असे माझे मत आहे.

ता प्रोममध्ये तर हा दोष सौंदर्य म्हणून विकला जातो. भिंतींना विळखे घातलेली प्रचंड मुळे, कोसळलेले दगड, हिरवा अंधार. २००१ च्या 'टूम रेडर' या चित्रपटामुळे ते जगाला माहीत झाले. आमच्या नातवालाही तेच पाहायचे होते. परंतु हे जंगल 'सापडले तसे' नाही. फ्रेंच जतनकर्त्यांनी एक देऊळ मुद्दाम झाडांच्या हवाली ठेवायचे ठरवले. पडझडही नेमकी किती दिसावी हे तिथे ठरवलेले आहे. आमच्याकडे भिंतीत पिंपळ रुजला तर आजी म्हणे, "उपटा रे बाबांनो, नाहीतर घर खाईल." अवशेषांवर प्रेम करणे सोपे असते, कारण त्यांची कौले दर वर्षी आपल्याला चाळावी लागत नाहीत.

आता शिल्पांकडे वळतो. कारण इथे दोष काढून थांबलो तर वाचकांवर अन्याय होईल. बान्ते स्रेई हे ९६७ चे शिवमंदिर. मूळ देवाचे नाव त्रिभुवनमहेश्वर. बांधणारा राजा नव्हता. राजगुरू यज्ञवराह होता. देऊळ इतके लहान, की गाभाऱ्याच्या दारातून मोठा माणूस वाकल्याशिवाय जाणार नाही. गुलाबी वालुकाश्मावर जे काम आहे ते पाहून पुन्हा लाकूडच आठवते. एका त्रिकोणी पट्टावर रावण कैलास हलवतो आहे. हेच दृश्य वेरूळच्या कैलास लेण्यात आठव्या शतकात कोरलेले आहे, आणि दोन्ही पाहिलेल्या माणसाने तुलना केल्याशिवाय राहू नये. वेरूळचा रावण डोंगराखालच्या खोल पोकळीत, अंधारात बळ लावतो. वर पार्वती दचकून शंकराला बिलगते. सगळा आघात खोलीतून आणि सावलीतून येतो. ते नाटक आहे. बान्ते स्रेईचा कैलास पायऱ्यापायऱ्यांचा, प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी: ऋषी, गण, पळणारे प्राणी, आणि तळाशी अनेक मुखांचा रावण जणू एखादी फुलांची परडी उचलतो आहे. भीती आहे, पण ती प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी आली आहे. कीर्तनकार आख्यान लावताना एकेका पात्राला बोलते करतो, त्या जातीची ही कला. ज्याला वेरूळचा कडाका हवा त्याला हे गोड वाटेल. पण हा गोडवा कमकुवत हाताचा नाही. प्रत्येक पान, प्रत्येक बोट निश्चयाने कोरलेले आहे.

अंगकोर वाटच्या पूर्वेकडच्या ओवरीतले समुद्रमंथन मात्र वेगळ्याच तोलाचे आहे. सुमारे ४९ मीटर लांबीची एक सलग भिंत. एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, मध्ये विष्णू, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वासुकी. पहिल्या नजरेला तोचतोचपणा वाटतो. आमच्यापैकी काहींनी अर्ध्यावरून परत पाऊल टाकले. पण ती ओवरी सबंध चालून जावी लागते. गुहागरच्या किनाऱ्यावर रापण ओढताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. तिथे कोणाचा चेहरा वेगळा दिसत नाही. पाय रोवून मागे रेललेली शरीरे दिसतात, आणि सगळ्यांच्या हातून धावणारी एक दोरी दिसते. त्या भिंतीवरही दोरीच नायक आहे. चालणाऱ्याच्या पावलांना हळूहळू तिची लय लागते आणि मध्यावर, विष्णूपाशी, ती एकदम थांबते. वर अप्सरांच्या रांगा हलक्या उडत असतात. पुनरुक्ती हा दोष मानणाऱ्या आपल्या टीकाशास्त्राने हा पट एकदा पाहून यावा.

सगळेच मात्र या तोलाचे नाही, हेही सांगितले पाहिजे. उत्तरेकडच्या कोपऱ्यातले काही पट सोळाव्या शतकात कोरून पुरे केले गेले आणि तिथे हात उघड उघड उतरला आहे: आकृत्या कडक, गर्दी आंधळी. दुसरी एक गोष्ट सहलीत कोणी सांगत नाही. या ओवऱ्यांतला कथाक्रम पश्चिमेकडून दक्षिणेकडे, मग पूर्वेकडे असा जातो, म्हणजे देऊळ डाव्या हाताला ठेवून. आपली प्रदक्षिणा उजवी, ही उलटी. श्राद्धकर्मात जानवे अपसव्य करणाऱ्या समाजाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. देवळाचे पश्चिमेकडे तोंड आणि ही उलटी फेरी, यांवरून हे राजाचे स्मृतिमंदिरही असावे असे काही विद्वानांनी मानले आहे. उत्सवी चेहऱ्याने फिरणाऱ्या आम्हां बावीस जणांना आपण कदाचित एका मृत्युस्मारकातून चाललो आहोत, हे कळले असते तर पावले जरा हळू पडली असती.

समुद्रमंथनापाशीच आमच्यातल्या एका गुरुजींचा कंठ दाटून आला. ते म्हणाले, "हे सगळे आपलेच!" ही भावना खोटी नाही. भीष्म शरपंजरी पडलेला, राम-रावणाचे युद्ध, नरसिंह, वाली-सुग्रीव, हे सारे परक्या देशात भिंतीवर भेटल्यावर कोणाचेही मन भरून येईल. शिलालेख संस्कृतात, राजांची नावे 'वर्मन्' लावलेली. पण 'आपलेच' म्हटले, की पाहणे संपते. आपल्या घरातल्या वस्तूकडे कोणी निरखून पाहत नाही.

नीट पाहिले तर काय दिसते? पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारा देवालय-पर्वत, त्याभोवती एकात एक ओवऱ्यांचे चौकोन, सभोवती १९० मीटर रुंदीचा खंदक, ही योजना भारतात कुठे नाही. आमच्या गुहागरचा व्याडेश्वर हे शिवपंचायतन. मध्ये शंकर आणि चार कोपऱ्यांना चार देवता. अंगकोर वाटचीही शिखरे पाच, मध्ये एक आणि चार कोपऱ्यांना चार. लगेच नाते जोडण्याचा मोह होतो. पण तिथली पाच शिखरे मेरूची आहेत, पाच देवतांची घरे नाहीत. समुद्रमंथनात देवांच्या टोकाला वासुकीचे शेपूट धरून एक वानरवीर उभा आहे. आपल्या पुराणात तो तिथे नाही. ख्मेर शिल्पकाराला तो हवा होता म्हणून आला. आणि कोणी भारतीय राजाने कंबोडिया जिंकून ही देवळे बांधली, असा पुरावा नाही. मोरोपंतांनी रामायण किती तऱ्हांनी लिहिले! कथा वाल्मीकीची म्हणून आपण ते वाल्मीकीच्या नावावर घालत नाही, मोरोपंतांचे म्हणूनच वाचतो. एवढी न्यायबुद्धी ख्मेर कारागिराच्याही वाट्याला यायला हवी. गुरुजींना मी हे बसमध्ये म्हटले. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे पंगत आपली आणि स्वयंपाक त्यांचा?" मी म्हटले, पंगतही त्यांचीच, धान्य तेवढे आपल्याकडून गेले.

त्यांची पंगत पाहायची तर बायोनला जावे. तिथे सगळे मान वर करून शिखरांवरचे प्रचंड हसरे चेहरे पाहतात. बाहेरच्या ओवरीच्या भिंतीवर मात्र खुद्द कंबोडिया आहे: बाजारात बसलेल्या बायका, कोंबड्यांची झुंज, चुलीवरचे हंडे, चाम लोकांशी नावांतून झालेली लढाई, आणि पुराच्या पाण्यात झाडांच्या फांद्यांतून पोहणारे मासे. तोन्ले साप सरोवर पावसाळ्यात जंगलात शिरते, तेव्हा मासे खरोखरच झाडांत पोहतात. आणि याच भिंतीवर ती नाहीशी झालेली लाकडी घरेही कोरलेली आहेत.

माझ्या मते आमच्या सहलीने सर्वांत घाईने उलटलेले पान अंगकोर वाटच्या पश्चिम गोपुरात होते. उजव्या हाताच्या दालनात आठ हातांची एक उंच मूर्ती उभी आहे, विष्णूची मानली जाणारी. तिला पिवळे वस्त्र, पुढे उदबत्त्या, फळे, फुले. गावकरी तिला 'ता रीच' म्हणतात. 'ता' म्हणजे आजोबा, आणि दुसरा शब्द राजेपणाचा. हे त्या जागेचे रक्षण करणारे पूर्वज. मूर्ती विष्णूची, भोवतालचे लोक बौद्ध, आणि भाव राखणदाराचा! आमच्या कोकणात वेशीवर राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात. तसेच एक ख्मेर बाई तिथे हात जोडून बराच वेळ काही पुटपुटत होती. मार्गदर्शकाने हात केला, "चला, पुढे मुख्य देऊळ आहे."

अंगकोर 'मृत' आहे, जंगलात हरवले होते आणि १८६० मध्ये आंरी मूओ या फ्रेंच प्रवाशाने शोधून काढले, ही गोष्ट अजून सांगितली जाते. अंगकोर वाटमध्ये बौद्ध भिक्षूंची वस्ती तुटली नव्हती. १६३२ मध्ये आलेल्या एका जपानी यात्रेकरूचा लेख तिथल्या खांबावर आहे. त्याआधी, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, एका पोर्तुगीज साधूने अंगकोर पाहिले होते आणि त्याच्या तोंडून ऐकून ते वर्णन लिहिले दियोगो दो कुतो या बखरकाराने, आपल्या गोव्यात. ते विसाव्या शतकापर्यंत छापले गेले नाही. युरोपीय भाषेतले अंगकोरचे अगदी जुने वर्णन आपल्याच किनाऱ्यावर लिहिले गेले, हे आमच्या माहितीपत्रकात असते तर मला आवडले असते.

शेवटी दुरुस्तीबद्दल, कारण सगळ्यात जवळचा प्रश्न तोच आहे. १९३१ ते १९३६ या काळात आंरी मार्शाल याने बान्ते स्रेईचा पडलेला प्रत्येक मूळ दगड ओळखून मूळ जागी बसवला. बाफुओनची कथा याहून कठीण. अकराव्या शतकाच्या मध्यावरचे हे देऊळ, म्हणजे १०६० च्या आमच्या अंबरनाथचे समवयस्क. ते दुरुस्तीसाठी १९६० नंतर उतरवून सुमारे तीन लाख दगड क्रमांक घालून रानात मांडले. युद्ध आले, काम थांबले, १९७५ नंतरच्या उत्पातात नोंदीच नष्ट झाल्या. १९९५ मध्ये पुन्हा आरंभ करून २०११ मध्ये ते उभे राहिले. आपल्या पुरातत्त्व खात्यानेही १९८६ ते १९९३ मध्ये, अशांततेच्या काळात, अंगकोर वाटमध्ये काम केले. दगड रसायनांनी धुतल्याबद्दल त्यावर टीका झाली. पण दुसरे फारसे कोणी जायला तयार नव्हते तेव्हा ते गेले, हेही लक्षात ठेवावे.

हे पाहून परत आल्यावर आमच्या भागातले जीर्णोद्धार आठवतात. गेल्या काही दशकांत कोकणात कितीतरी देवळांचे लाकडी सभामंडप उतरवून तिथे सिमेंटचा स्लॅब आला. गावकऱ्यांच्या अडचणी खऱ्या असतात. वाळवी लागते, छप्पर गळते, कौले चाळायला माणूस मिळत नाही, उत्सवाला जागा पुरत नाही. देऊळ हे काही पदार्थसंग्रहालय नव्हे. नांदते घर दुरुस्त करावेच लागते. माझे म्हणणे एवढेच, की खांब उतरवण्याआधी त्यांना क्रमांक घालावेत, मापे आणि छायाचित्रे घ्यावीत, आणि चांगला खांब जळणात जाऊ देऊ नये. आमचा सुतार घर उतरवताना वाशांवर खुणा करतोच. देवळासाठी ते कठीण नाही. अंगकोरचे लाकूड काळाने नेले, आमचे आम्ही स्वतःच्या हाताने आणि वर्गणी काढून नेत आहोत. जांभ्याच्या भिंती राहतील. पाचशे वर्षांनी कोणी सहल काढून आला, तर त्याला त्या भिंती दाखवून कोणी सांगेल, की कोकणातल्या देवळांत नक्षी नव्हती.

म्हणून अंगकोरला जाऊ नये, असे कोणी समजू नये. अवश्य जावे, मुलानातवंडांना घेऊन जावे. २०१७ पासून तीन दिवसांच्या तिकिटाला ६२ डॉलर पडतात. ते सत्कारणी लावायचे असतील तर सहलवाल्यांशी आधी बोलून पहिला दिवस रोलुओसला, दुसरा बान्ते स्रेईला, आणि मग अंगकोर वाट दुपारी पाहावे, नंतर बायोन. ता रीचपाशी पाच मिनिटे शांत उभे राहावे. आणि आपल्या मेळ्यात कोणी गवंडी, सुतार किंवा चिऱ्याचा माणूस असेल, तर मार्गदर्शकाचा शब्द ऐकून झाल्यावर त्यालाही एकदा विचारावे, "अण्णा, तुम्हांला काय दिसते?"